प्रजातींचा संकटग्रस्ततेचा दर्जा ठरतो कसा: संख्येवर, क्षेत्रावर की तज्ज्ञांच्या मतावर?

शंकासुर (मूळ प्रश्न)

नमस्कार. एखाद्या दुर्मीळ प्रजातीच्या नावापुढे ‘अतिसंकटग्रस्त’, ‘संकटग्रस्त’ किंवा ‘असुरक्षित’ असे लिहिलेले असते. तो दर्जा नेमका कोणत्या पद्धतीने ठरतो, हे मला समजून घ्यायचे आहे. जितके कमी जीव उरले तितका दर्जा गंभीर, असा सर्वसाधारण समज आहे. पण आययूसीएनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, लाल यादी पाहिली की तो टिकत नाही. ध्रुवीय अस्वले सुमारे २६,००० आहेत आणि हिमबिबट्याचे प्रौढ जेमतेम तीन हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. तरी दोन्ही प्राणी ‘असुरक्षित’ याच वर्गात आहेत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे काही हजार पक्षी अजून हयात आहेत, पण ते मात्र ‘अतिसंकटग्रस्त’ या सर्वांत गंभीर वर्गात आहे.

दुसरा प्रश्न असा, की हा निर्णय घेते कोण? समिती बसून मतदान करते, की त्यामागे एखादे सूत्र आहे? आणि तिसरा प्रश्न म्हणजे, एकाच वनस्पतीला एका यादीत ‘संकटग्रस्त’ म्हटलेले असते, दुसरीकडे तिच्यापुढे ‘जी १’ असा संकेत दिसतो आणि राष्ट्रीय यादीत तिसराच वर्ग असतो. यांपैकी प्रमाण कोणते मानायचे? ज्यांनी अशी मूल्यांकने केली आहेत किंवा जवळून पाहिली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आकडेमोड

शंकासुर, तुम्ही निवडलेले तिन्ही प्राणी तीन वेगवेगळ्या वाटांनी आपापल्या वर्गात पोहोचले आहेत, म्हणून उत्तर त्यांच्यावरूनच देतो.

लाल यादी १९६४ पासून आहे, पण सुरुवातीची तीन दशके वर्गवारी मुख्यतः जाणकारांच्या अंदाजावर चालत असे. एकाच पुराव्यावरून दोन जाणकार दोन वेगळे वर्ग देऊ शकत, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नसे, कारण मोजपट्टीच नव्हती. १९९१ मध्ये जॉर्जिना मेस आणि रसेल लँडे या जीवशास्त्रज्ञांनी संख्यात्मक निकषांचा प्रस्ताव मांडला, १९९४ मध्ये आययूसीएनने तसे निकष स्वीकारले, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ३.१ ही आवृत्ती आज वापरात आहे. या निकषांना मोजायची असते ती प्रजाती नामशेष होण्याची शक्यता. दुर्मीळपणा हा त्या शक्यतेचा एक घटक आहे, पण एकमेव नव्हे.

निकष पाच आहेत आणि त्यांना ए ते ई अशी अक्षरे दिलेली आहेत. प्रजाती पाचही निकषांवर तपासायची असते; मात्र ती धोक्याच्या वर्गात जाण्यासाठी कोणताही एक पूर्ण होणे पुरेसे असते, आणि वेगवेगळ्या निकषांवर वेगवेगळे वर्ग येत असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर वर्ग धरला जातो.

‘ए’ हा घटीचा निकष आहे. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात संख्या किती टक्क्यांनी घटली, हे तो पाहतो. घट ८० टक्के किंवा अधिक असेल तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के असेल तर संकटग्रस्त आणि ३० टक्के असेल तर असुरक्षित. (घटीचे कारण कळलेले आहे, ते थांबलेले आहे आणि परिणाम भरून निघण्याजोगा आहे, अशी खात्री असेल तर हेच उंबरठे ९०, ७० आणि ५० टक्क्यांवर जातात.) पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी जगातील सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये गणले जाई. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने ते इतक्या वेगाने मेले, की २००० साली त्याला अतिसंकटग्रस्त ठरवावे लागले. औषध हे कारण म्हणून सिद्ध झाले ते त्यानंतर, २००४ मध्ये. उरलेल्या पक्ष्यांचा आकडा येथे निर्णायक नव्हता, उताराचा वेग निर्णायक होता.

ध्रुवीय अस्वलही ‘ए’ वरच आहे, पण त्याची घट बहुतांशी अजून व्हायची आहे. या प्राण्याची एक पिढी सुमारे साडेअकरा वर्षांची धरतात, म्हणजे तीन पिढ्या झाल्या साधारण ३५ वर्षे. आणि समुद्रावरील बर्फ ज्या गतीने कमी होत आहे ती पाहता या काळात संख्या ३० टक्क्यांहून अधिक घटण्याची शक्यता मोठी आहे, असा तो हिशेब आहे. निकषांमध्ये भविष्यातील घटीला अधिकृत जागा आहे, फक्त तो काळ १०० वर्षांपलीकडे नेता येत नाही.

हिमबिबट्या ‘सी’ या निकषावर आहे. प्रजननक्षम प्रौढांची संख्या १०,००० पेक्षा कमी आणि तीन पिढ्यांत किमान १० टक्के घट, या दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्यामुळे तो असुरक्षित ठरतो. २०१७ पूर्वी त्याला संकटग्रस्त मानत असत. तो वर्ग या निकषावर टिकवायचा तर प्रौढ २,५०० पेक्षा कमी असायला हवेत आणि दोन पिढ्यांत २० टक्के घट दिसायला हवी.

निव्वळ संख्येवर चालणारा निकष एकच, तो ‘डी’. प्रौढ ५० पेक्षा कमी तर अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी तर संकटग्रस्त, १,००० पेक्षा कमी तर असुरक्षित. घट होत असो वा नसो. नेवाडातील डेव्हिल्स होल या एकाच कुंडात राहणाऱ्या आणि २०१३ च्या वसंतातील मोजणीत अवघे ३५ भरलेल्या पपफिश माशासारख्या प्रजातींसाठी हा निकष आहे. ‘ई’ मध्ये गणिती प्रारूपावरून नामशेष होण्याची शक्यता थेट काढतात. त्यासाठी जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची जी माहिती लागते ती फारच थोड्या प्रजातींबाबत उपलब्ध असल्याने तो क्वचितच वापरला जातो. राहिला ‘बी’. तो नकाशाचा निकष आहे आणि वनस्पतींच्या बाबतीत सर्वाधिक वापरला जातो. त्याबद्दल टिटवी यांनी लिहावे, त्यांचे काम त्यातलेच आहे.

टिटवी

धन्यवाद. ‘बी’ बद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की क्षेत्र लहान म्हणजे प्रजाती धोक्यात. क्षेत्र लहान असणे ही फक्त पहिली पायरी आहे. विस्तारक्षेत्र, म्हणजे सर्व ज्ञात नोंदींना बाहेरून वेढणाऱ्या बहुभुजाचे क्षेत्रफळ, २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर असुरक्षित, ५,००० पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त आणि १०० पेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त या वर्गाचा विचार सुरू होतो. प्रत्यक्ष व्यापलेल्या क्षेत्राचे उंबरठे अनुक्रमे २,०००, ५०० आणि १० चौरस किलोमीटर असे आहेत. परंतु याच्या जोडीला पुढील तीन अटींपैकी किमान दोन पूर्ण व्हाव्या लागतात: वस्तीचे तीव्र विखंडन किंवा मोजकीच स्थाने, सतत चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार. एकाच डोंगरमाथ्यावर वाढणारी, पण जिथे आहे तिथे सुखरूप असलेली आणि जिला कसलाही धोका दिसत नाही अशी वनस्पती ‘बी’ वर धोक्याच्या कोणत्याही वर्गात बसत नाही. हौशी अभ्यासकांना हे अन्यायाचे वाटते. मला ते योग्य वाटते, कारण अनेक प्रजाती हजारो वर्षे अशाच लहान जागेत तग धरून आहेत.

‘स्थान’ म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एका धोक्याच्या घटनेने जेवढा भाग झपाट्याने बाधित होऊ शकतो, तेवढे एक स्थान. समजा, एक वनस्पती पाच ओढ्यांच्या काठी सापडते आणि ते पाचही ओढे एकाच प्रस्तावित धरणाच्या पाण्याखाली जाणार आहेत. तर ठिपके पाच असले तरी स्थान एकच. उलट, एकाच खोऱ्यातील दोन वस्त्यांना दोन वेगळे धोके असतील तर ती दोन स्थाने होतात. धोका कोणता, हे न सांगता स्थानांची संख्या देणारे मूल्यांकन परीक्षक परत पाठवतात, आणि पाठवायलाच हवे.

प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र काढताना नकाशावर दोन किलोमीटर बाजूच्या चौकटी टाकून नोंद असलेल्या चौकटी मोजतात. चौकटीचा आकार ठरवून दिलेला आहे, कारण बारीक चौकटी घेतल्या की क्षेत्र आपोआप लहान दिसते आणि दोन प्रजातींची तुलना निरर्थक होते. पण यातही एक सापळा आहे. एक चौकट चार चौरस किलोमीटरची असते. त्यामुळे जिच्या केवळ दोन नोंदी आहेत अशा प्रजातीचे क्षेत्र आठ चौरस किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही आणि ते सर्वांत गंभीर वर्गाच्या उंबरठ्याच्या आत पडते. ती खरोखर दोनच जागी आहे, की तिच्या शोधात कोणी फिरलेच नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून मूल्यांकनाचे खरे काम हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहातल्या, चिठ्ठ्या वाचण्यात जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्राहकाने लिहिलेले गाव आज कोणत्या नावाने ओळखले जाते, नमुना ओळखण्यात घोटाळा झाला आहे का, त्या जागी नंतर कोणी शोध घेतला का आणि घेतला असल्यास फुलोऱ्याच्या हंगामात घेतला का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय बहुभुज काढणे म्हणजे संगणकाची करमणूक.

उत्तरे मिळत नसतील तर ‘माहिती अपुरी’ हा वर्ग आहे. मात्र तो सोयीचा आडोसा म्हणून वापरू नये, असे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. आकडा निश्चित नसेल तर शक्यतेची कक्षा द्यावी, सावध पण वास्तववादी भूमिका घ्यावी आणि कारण लिहून ठेवावे. ‘माहिती अपुरी’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा कोणी लावू नये. अशा प्रजाती थेट अतिसंकटग्रस्तही असू शकतात.

आता निर्णय कोण घेते, याबद्दल. मतदान होत नाही. एक किंवा अनेक मूल्यांकनकर्ते पुराव्यासह मसुदा तयार करतात. त्यात सहभागी नसलेला निदान एक जाणकार निकष बरोबर लावले आहेत का, हे तपासतो. बहुतेक गटांसाठी प्रजाती-रक्षण आयोगाच्या तज्ज्ञगटांमधून नेमलेले लाल यादी प्राधिकरण हे काम सांभाळते, आणि शेवटी केंब्रिजमधील लाल यादी कक्ष मसुद्याची तपासणी करून तो प्रसिद्ध करतो. प्रसिद्ध झालेल्या वर्गावर कोणालाही आक्षेप घेता येतो, पण तो निकषांच्या आधारे घ्यावा लागतो. प्रजाती महत्त्वाची आहे, किंवा या वर्गामुळे एखाद्या उद्योगाचे नुकसान होते, हे आक्षेपाचे कारण होऊ शकत नाही.

‘नामशेष’ हा शब्द वापरताना सर्वाधिक काळजी घेतात. शेवटचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरलेली नसावी आणि योग्य जागी, योग्य ऋतूत कसून शोध झालेला असावा, अशी अट आहे. तरीही अल्डाब्रा बेटावरची पट्टेदार गोगलगाय २००७ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाली आणि २०१४ मध्ये पुन्हा सापडली. अशा घटना टाळण्यासाठी ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गालाच ‘बहुधा नामशेष’ अशी पुस्ती जोडण्याची सोय आहे.

सीमारेषा

तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. ‘जी १’ हा संकेत आययूसीएनचा नाही. तो उत्तर अमेरिकेतील नेचरसर्व्ह या संस्थेच्या पद्धतीतला आहे; तिची मुळे नेचर कॉन्झर्व्हन्सी या संवर्धन संस्थेने १९७४ पासून राज्याराज्यांत उभ्या केलेल्या नैसर्गिक वारसा नोंदणीत आहेत. अक्षर पातळी सांगते: जी म्हणजे जागतिक, एन म्हणजे राष्ट्रीय आणि एस म्हणजे राज्य किंवा प्रांत. आकडा १ ते ५ असा असतो. १ म्हणजे अत्यंत धोक्यात आणि ५ म्हणजे सुरक्षित. त्यामुळे ‘जी ५, एस १’ अशी जोडी दिसली तर गोंधळायचे कारण नाही: जगभर सुरक्षित असलेली प्रजाती त्या राज्यात मात्र तिच्या कक्षेच्या टोकाला, मोजक्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. उपप्रजातीसाठी ‘टी’ जोडतात, अनिश्चितता असेल तर ‘जी २ जी ३’ असे दोन आकडे लिहितात, आणि दीर्घकाळ न दिसलेल्या पण आशा न सोडलेल्या प्रजातीला ‘जीएच’ देतात.

दोन्ही पद्धती बहुतांशी सारखीच माहिती मागतात, पण हिशेब वेगळा करतात. आययूसीएनमध्ये एका विषयात नापास झाले की वर्ष गेले. नेचरसर्व्हमध्ये सर्व विषयांचे गुण वजनानुसार एकत्र करून निकाल लावतात. तेथे कक्षा, व्यापलेले क्षेत्र, संख्या आणि नोंदस्थळे यांवरून काढलेल्या दुर्मीळतेला सर्वाधिक वजन असते, धोक्यांना त्याखालोखाल, आणि घट किंवा वाढ पाहून निकाल थोडा वरखाली करतात. म्हणून सर्वदूर पसरलेली पण झपाट्याने घटणारी प्रजाती आययूसीएनकडे अधिक गंभीर दिसते, आणि अतिशय थोड्या जागी असलेली पण स्थिर प्रजाती नेचरसर्व्हकडे. ‘जी १ म्हणजे अतिसंकटग्रस्त’ असे समीकरण मांडणारे तक्ते सर्रास फिरतात. ते वापरू नयेत.

राष्ट्रीय लाल याद्यांसाठी आययूसीएनचेच निकष प्रादेशिक नियमांसह लावतात. प्रजाती त्या देशाबाहेर कुठेच नसेल तर राष्ट्रीय आणि जागतिक वर्ग एकच असला पाहिजे. तो वेगळा दिसत असेल तर दोनांपैकी एक मूल्यांकन जुने आहे किंवा चुकलेले आहे. प्रजाती सीमेपलीकडेही असेल आणि तिकडून येणारे जीव इकडची घट भरून काढू शकत असतील, तर वर्ग सहसा एका पायरीने सौम्य करतात.

कायद्यातील अनुसूची आणि साइट्स कराराची परिशिष्टे हा तर वेगळाच विषय आहे. साइट्स आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करते. जिचा व्यापारच होत नाही अशी अतिसंकटग्रस्त गोगलगाय त्या परिशिष्टांत नसेल, यात विसंगती नाही. तेव्हा प्रमाण कोणते, याचे उत्तर तुम्ही कोणत्या पातळीबद्दल आणि कशासाठी लिहीत आहात यावर अवलंबून आहे.

शंकासुर

तिघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. प्रजातीचा वर्ग सौम्य झाला की बातमी आनंदाची म्हणून येते, पण लगेच ‘आता संरक्षण ढिले होईल’ अशी ओरडही होते. वर्ग खाली आणताना काही वेगळी खबरदारी घेतात का?

आकडेमोड

घेतात. वर्ग गंभीर करायचा असेल तर पुरावा मिळताच करतात. सौम्य करायचा असेल तर वरच्या वर्गाचा एकही निकष सलग किमान पाच वर्षे लागू होत नसावा, अशी अट आहे. मात्र मुळातला वर्गच चुकीच्या माहितीवर दिला गेला होता असे आढळले, तर पाच वर्षे थांबत नाहीत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वर्ग बदलण्याची कारणे दोन प्रकारची असतात आणि लाल यादीत ती वेगळी नोंदवतात. पहिला प्रकार खऱ्या बदलाचा. सैगा हरीण २००२ पासून अतिसंकटग्रस्त होते. २०१५ मध्ये कझाकस्तानात साथीने काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक हरणे मेली, आणि तरीही चोरट्या शिकारीला आळा बसल्यावर २०२२ पर्यंत तेथील संख्या १३ लाखांच्या पुढे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ते ‘संकटसमीप’, म्हणजे असुरक्षितच्याही खालच्या वर्गात आले. आयबेरियन लिंक्स हे रानमांजर २००२ मध्ये अतिसंकटग्रस्त, २०१५ मध्ये संकटग्रस्त आणि २०२४ मध्ये असुरक्षित, असे पायरीपायरीने उतरले.

दुसरा प्रकार केवळ माहितीतील किंवा वर्गीकरणातील बदलाचा. २०२१ मध्ये आफ्रिकी हत्तीचे एकाऐवजी दोन प्रजाती म्हणून मूल्यांकन झाले, तेव्हा वनहत्ती अतिसंकटग्रस्त आणि सव्हाना हत्ती संकटग्रस्त ठरला. पूर्वी दोघे मिळून असुरक्षित होते. स्थलांतरित मोनार्क फुलपाखरू २०२२ मध्ये संकटग्रस्त आणि २०२३ मध्ये असुरक्षित ठरले; एका वर्षात फुलपाखरे वाढली म्हणून नव्हे, तर घटीचा हिशेब पुन्हा मांडला गेला म्हणून. जागतिक कल दाखवणारा लाल यादी निर्देशांक काढताना फक्त पहिल्या प्रकारचे बदल धरतात. वृत्तपत्रे हा भेद क्वचितच करतात.

ओरड होते ती निराधार नसते, पण तिचा रोख चुकतो. २०१६ मध्ये पांडा संकटग्रस्त वर्गातून असुरक्षित वर्गात आला, तेव्हा खुद्द चीनच्या वनप्रशासनाने नापसंती दाखवली होती. निधी आणि कायदे वर्गाच्या नावाशी बांधलेले असतील तर ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु म्हणून वर्ग मुद्दाम गंभीर ठेवला, तर यादीतील प्रत्येक वर्गावरचा विश्वास जातो. धोका किती आणि प्राधान्य कशाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे आययूसीएनही सांगते. संवर्धनाने किती साधले आणि ते थांबले तर काय होईल, हे मोजण्यासाठी २०२१ पासून ‘हरित दर्जा’ ही निराळी पद्धत आहे.

टिटवी

शंकासुर, तुम्ही प्रजातींच्या दर्जांचे टिपण काढणार असाल तर एक व्यवहार्य सूचना. केवळ वर्ग लिहू नका. त्यापुढचा संकेत आणि मूल्यांकनाचे वर्षही लिहा. उदाहरणार्थ, ‘संकटग्रस्त, बी२एबी(तीन)’ असे असेल तर त्याचा अर्थ होतो: प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, वस्ती तीव्रपणे विखंडित किंवा पाच अथवा त्याहून कमी स्थानी, आणि अधिवासाचे क्षेत्र, विस्तार किंवा दर्जा यांत सतत घट. येथे वनस्पतींच्या संख्येबद्दल काहीही म्हटलेले नाही, हे वाचकाला लगेच कळते.

वर्ष लिहायचे ते अशासाठी, की दहा वर्षांपेक्षा जुन्या मूल्यांकनावर ‘अद्ययावत करणे आवश्यक’ असा शेरा येतो, पण वर्ग तसाच राहतो. कितीतरी झाडांची मूल्यांकने १९९८ मधली, २.३ या जुन्या आवृत्तीनुसार केलेली आहेत, आणि काहींच्या पुढे ‘संवर्धनावर अवलंबून’ हा आज नव्याने न दिला जाणारा वर्ग अजून दिसतो. तुमच्या टिपणात अशी नावे निघाली तर येथे कळवा. निदान त्यांपैकी कोणाचे पुनर्मूल्यांकन सध्या चालू आहे, एवढे मी संबंधित तज्ज्ञगटाकडे विचारून सांगू शकेन.